डाव्या पायाची मोजडी

ढोकीत धुरपदाबाईंची पिठाची गिरणी शोधायला पत्ता लागत नाही. ज्या दारात एकाची चप्पल, दुसऱ्याचा मोजा आणि कुणाच्या तरी बाळाचं टोपडं वाळत असेल, ती गिरणी. हा सगळा माल मुकादमानं आणलेला.

मुकादम म्हणजे कुत्रा. उंची पायलीच्या मापाएवढी, एक कान उभा, दुसरा कायम रजेवर. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या, तेव्हा हे पिल्लू मागं राहिलं. स्वतः काडी उचलायची नाही, पण शेपूट वर करून सगळ्यांच्या पुढं चालायचं, ही ऐट बघून बाईंनी नाव ठेवलं. संध्याकाळी गिरणी बंद झाली की बाई दिवसभराचा माल पिशवीत भरत आणि घरोघर परत करत. मागं मुकादम. चेहऱ्यावर भाव असा, की चोर भलताच कुणीतरी आहे, आपण फक्त पंच म्हणून आलोय. लोक हसत, बाईंना चहा पाजत. मूलबाळ नसलेल्या विधवा बाईला रोज चार घरी चहा मिळावा अशी सोय या कुत्र्यानं करून ठेवली होती.

बाईंचं माहेर तोडलंही त्यानंच.

गेल्या दिवाळीत बाईंचे गावातलेच भाऊ कोंडीराम हक्कसोडीचा कागद घेऊन आले. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा वाटा असतो, तो सोडते असं लिहून द्यायचं. बाईंची तयारी होती. जमीन शेवटी कृष्णराजलाच जायची. कृष्णराज कोंडीरामचा मुलगा. तीन वर्षांचा असताना आई गेली आणि तो गिरणीत आला, आत्याजवळ. पिठाच्या पोत्यांवर झोपला, पिठानं पांढरा होऊन शाळेत गेला, पोरं भूत म्हणायची म्हणून रडत परत आला. आत्यानं रोज त्याच्या भुवया पदरानं पुसल्या. असा तो बारावीपर्यंत वाढला आणि पुढं पुण्यात नोकरीला लागला. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

तर कागद खाटेवर ठेवून कोंडीराम बसले आणि बाई चहा टाकायला आत गेल्या. चहा घेऊन येतात तो मुकादम मुद्रांकासकट उकिरड्यावर. कागदाच्या चिंध्या, आणि तोंडावर केवढं समाधान. बाईंना हसू आवरेना. ते हसणंच नडलं.

“द्यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं,” कोंडीराम म्हणाले. “कुत्र्याला कशाला पुढं करतीस?”

आठवड्यानं ते दुसरा कागद घेऊन आले, पण तोवर पारावर सांगून झालं होतं, की बहिणीनं वाटा राखायला कुत्रं पढवलंय. ज्या कुत्र्याला ‘बस’ म्हटलं तर तो उठून जातो, त्याला कुणी काय पढवणार? पण बाईही त्याच बापाची लेक. “आता न्हायच देत,” म्हणाल्या. रविवारचा फोन बंद झाला. आत्याला विचारून बघावं, असं कृष्णराजला वाटलं नाही.

यंदा चैत्रात मुकादमानं एक लग्नपत्रिका आणली. शेजारच्या रसूल टेलरच्या ओट्यावरून, शिलाई मशीनवरून. बाईंनी चष्मा लावला. चि. कृष्णराज आणि चि. सौ. कां. अर्पिता. खाली निमंत्रकांची ही लांब यादी. डेअरीचे चेअरमन होते, नवरीकडच्या तीन आत्या होत्या, कोपऱ्यात पोरांची किलबिलही होती. बाईंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. कदाचित छापखान्यानं आपलं नाव मधेच कुठं घातलं असेल.

मग दात लागलेला कोपरा इस्त्रीनं सरळ केला आणि त्या पत्रिका परत द्यायला गेल्या. रसूलची बायको नसीमबी ओट्यावरच होती. सहज म्हणाली, “तुमाला तर पहिलीच आली असंल, आक्का.”

“व्हय तर,” बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही.

लग्नाच्या दिवशी त्यांनी गिरणी मुद्दाम चालू ठेवली. दळायला कुणी नव्हतं, सगळं गाव मंगल कार्यालयात. घरचीच ज्वारी होती, ती दळली. मुकादमाला मात्र पत्रिकेची गरज नव्हती. तो सकाळीच गेला आणि दुपारी परतला, तोंडात डाव्या पायाची मोजडी. जरीची, कोरी, नवरदेवाची.

बाईंनी मोजडी पदरानं पुसली. पिशवी खुंटीवरच राहू दिली. माल परत न करण्याची ही पहिलीच वेळ. मुकादमाचा उद्योग कोण ओळखत नाही? मुकादमानं नेलेली वस्तू कुठं मिळते, हे तर कृष्णराजला दिवाळीच्या आधीपासून ठाऊक. मोजडीसाठी का होईना, यायला लागणारच. बाईंनी अंगण झाडलं. पातेल्यात दोन कप पाणी टाकलं. मग साखरेचा डबा काढून ठेवला, तो चहात तीन चमचे घेतो म्हणून.

पाणी आटलं. ऊन भिंतीवर चढलं. जेवून रसूल आले आणि गिरणीच्या पायरीवर टेकले. नवरदेव स्टेजवर चढायला निघाला आणि मोजडीच नाही, मुकादमाला पळताना चौघांनी पाहिलं, लई हशा झाला, असं त्यांनी सांगितलं. मग नवा जोड आणायला गाडी पाठवली, म्हणाले.

“माझं नाव निघालं का?”

रसूल गळ्यातली टेप गुंडाळत बसले. कापडाला कात्री लावताना न कचरणारा माणूस. “निघालं, आक्का.”

“काय म्हणला?”

“म्हणला, तिकडं कुणी जाऊ नका. आत्याला यायला निमित्त मिळंल.”

गिरणीचा पट्टा नुसताच फिरत होता. बाईंनी उठून बटण बंद केलं.

“‘आत्या’च म्हणला न्हवं?”

“व्हय. आत्याच म्हणला.”

बाईंनी मान हलवली. मोजडी उचलली आणि मुकादमापुढं टाकली. तो संशयानं बघू लागला. जप्तीचा माल परत मिळायची त्याला सवय नव्हती.

“खा बाबा,” त्या म्हणाल्या. “ही न्यायची न्हाय कुठं.”

त्यानं आधी जरीचा काठ उसवला.