तंबाखूच्या वासाचे हात

मी लाखनीजवळच्या शाळेत मास्तर आहे. आमच्या पगारातून पेन्शनसाठी कापलेला थोडा पैसा शेअर बाजारात जातो, आणि त्यातला काही सिगारेटच्या कंपनीत, हे गेल्या वर्षी कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पोरांना व्यसनमुक्तीची शपथ देणारा मी! माझा पैसा फक्त सरकारी रोख्यांत ठेवा, असा फॉर्म तणतणत भरायला बसलो.

शेजारी म्हातारी माय होती. माझ्या लहानपणी ती तुमसरला ओसरीत बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मी तिच्या गुडघ्याला टेकून पाढे म्हणायचो. जेवताना तिनं भरवलेल्या घासालाही तंबाखूचा वास यायचा. तो उग्र वास अजूनही कुठे आला, की मला भूक लागते.

"काहून चिडून राहिला बाबू?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सांगता सांगता माझी नजर तिच्या बोटांवर गेली आणि पेन थांबला.

"भर ना," ती म्हणाली. "तुले नाही म्हणायले फारम तरी भेटला. मले तं कोनी पुसलंच नाही."