कोयीसकट आंबा

कोंढ्याच्या कुंताबाईंनी आपल्या नवऱ्याला, गोमाजींना, मेल्यावरही घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची खाट ओसरीवर होती. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय जुनी माणसं आंब्याला तोंड लावत नाहीत. १९७९ साली बाईंनी त्या खाटेपाशी पत्रावळीवर अख्खा आंबा ठेवला. थोड्या वेळाने पाहतात तर आंबा नाही, साल नाही, कोयसुद्धा नाही. बाई गल्लीभर सांगत सुटल्या, "यायनं कोयीसकट खाल्ला जी!"

मी तेव्हा पवनीला गुरांचा डॉक्टर होतो. भुतांवर माझा विश्वास नाही. भुतांचा माझ्यावर आहे की नाही, ते ठाऊक नाही. काही दिवसांनी बाई गोमाजींचा लाडका कुत्रा भुऱ्या बैलगाडीत घालून घेऊन आल्या. त्याला पाणीही पचत नव्हतं. पोट उघडलं, तर आतड्यात कोय अडकलेली.

कोय काढणं सोपं. पण टाक्यांतून जरा झिरपलं, तरी पोटात घाण पसरते आणि कुत्रं हकनाक जातं. म्हणून कोयीने सुजलेला भाग सोडून आतडं चांगल्या जागी चिरलं होतं. शिवल्यावर आत मिठाचं पाणी भरून दाबून पाहिलं. एका ठिकाणी थेंब दिसला, तिथे आणखी एक टाका घातला. वरून पोटातल्याच चरबीची झालर पांघरली. बाईंना बजावलं, "चार-पाच दिवस धोक्याचे आहेत. थोडी थोडी पातळ पेज द्या. उडी अजिबात मारू देऊ नका."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी कोंढ्याला गेलो. उन्हात गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओसरीवर बांधलेल्या भुऱ्याने एकाएकी कान टवकारले, शेपटी हलवली आणि तो रिकाम्या खाटेकडे झेपावला. मी त्याला दाबून धरलं. तेवढ्यात खाट करकरली, कोणी बसल्यावर करकरते तशी. वारा नव्हता.

"सकाळपासून असंच चालू हाये," बाई म्हणाल्या. "हे असताना हा रोज त्यायच्या छातीवर उडी घे. आता बलावून राहिले त्याले."

"टाके तुटतील हो," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

बाईंनी डोक्यावरून पदर घेतला, जित्या नवऱ्यासमोर घ्यावा तसा, आणि त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या.

"काहून बलावता त्याले? तुमाले सोबत पाह्यजे, मग मले नाही पाह्यजे का? जा तुमी. आता येऊ नोका."

खाट पुन्हा करकरली. भुऱ्याचे कान पडले आणि तो मुकाट्याने अंग मुडपून झोपला.

जखम भरली. पुढे पवनीच्या बाजारात बाई भेटल्या. भुऱ्याची चौकशी केली.

"खाते, भुकते. कुत्रा राहिला, डाक्टर," त्या म्हणाल्या. "मानूस आता गेला."