श्वासाची वाट, घासाची वाट

मजीद होडेकर जहाजांवर इंजिन फिटर होते. पाठ काम करू देईना तेव्हा आखातातून जयगडला परतले आणि बायकोबरोबर, रहिमाबरोबर, खाडीकाठच्या घरात राहू लागले. मुलगा जुनेद दुबईत.

शेजारच्या वाडीतले काशीराम गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. देव मानत नसत, आणि ते लपवतही नसत. संध्याकाळी ते मजीदभायच्या पडवीत येऊन बसायचे. वाद ठरलेला.

"इंजिन आपोआप जुळलं असं कोणी म्हटलं तर मानाल, गुरुजी? मग डोळा, हात, काळीज कसं जुळलं? करणारा असलाच पाहिजे."

"इंजिनाला पिल्लं होत नाहीत, मजीदभाय. ज्याला होतात ते पिढ्यान् पिढ्या थोडं थोडं बदलत जातं. टिकतं ते राहतं, बाकीचं जातं. त्याला कारागीर लागत नाही." मग गुरुजी गळ्यावर बोट ठेवायचे. "आणि कारागीर असेलच तर हे बघा. श्वासाची वाट आणि घासाची वाट एकाच ठिकाणी आणून सोडली आहे. इंजिनात कोणी असं केलं असतं, तर तुम्ही त्याला कामावर ठेवलं असतं?"

"त्यातही काही कारण असेल. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

"आधी चहा प्या दोघांनी," रहिमा म्हणायची.

गेल्या वर्षी ईदनंतर तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि गिळणंही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी समजावलं: घास चुकून श्वासनलिकेत जातो, पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून पाजायचं. ते कागदावर गळ्याचं चित्र काढू लागले.

"राहू द्या," मजीदभाय म्हणाले. "मला माहीत आहे."

घरी आल्यावर दिवस चमच्यातच जाऊ लागला. हनुवटी खाली धरायची, एक चमचा भरवायचा, ती गिळेपर्यंत थांबायचं. रहिमा डाव्या हाताने माठाकडे बोट दाखवायची. मजीदभाय घट्ट केलेलं पाणी पुढे करायचे, ती तोंड फिरवायची. साधं पाणी हवं असायचं तिला. तेवढंच देता येत नव्हतं.

गुरुजी बरेच दिवस फिरकले नाहीत. एकदा बायकोने, मैनाने, केलेली घट्ट पेज घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"या, बसा," मजीदभाय म्हणाले. "गळ्याचं तुमचं बरोबर होतं."

"मला हे नको होतं, मजीदभाय. बोलायला सोपं होतं ते."

"मी रागावलो नाही. कारागीर असता तर असं केलं नसतं, हे तुम्ही म्हणालात. मी रोज चमचा धरून तेच म्हणतो. आणि मग नमाजला उभा राहतो. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही."

गुरुजी आत आले, वाटी घेऊन रहिमाजवळ बसले. "हनुवटी खाली घ्या, भाभी," म्हणाले. त्यानंतर ते रोज येऊ लागले. ते भरवायचे तेवढा वेळ मजीदभाय पाठ टेकायचे.

पावसाळा सरता सरता रहिमाला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. जुनेद आला, काही दिवस राहिला. "माझ्याबरोबर चला," म्हणाला. मजीदभायनी नको म्हटलं.

मोहल्ल्यातल्या मुलांना दीन, म्हणजे धर्म, शिकवणारा फुजैल एकदा घरी आला. "चाचा, ते इंजिनाचं सांगा ना मुलांना. तुमच्यासारखं कोणी सांगत नाही."

"दुसऱ्या कोणाला सांगायला सांग."

"आता पटत नाही का?"

"पटतं की नाही, ते तपासून बघितलेलंच नाही, बाबा. थकलोय."

गुरुजी अजून संध्याकाळी येतात. दोघं बंदरात लागलेल्या जहाजांबद्दल बोलतात, बांगड्याच्या भावाबद्दल बोलतात. अजान झाली की मजीदभाय गुडघ्यावर हात देऊन उठतात आणि मशिदीकडे जातात. ते परत येईपर्यंत गुरुजी पडवीतच बसून असतात.