तीर्थ नव्हे, औषध

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या एसटी स्टँडवर चहा घेत होतो. धक्का बसला नाही, नुसतं दमून गेल्यासारखं झालं. चहा मात्र संपवला... टाकला असता तर शालिनीवहिनी रागावल्या असत्या.

थोरल्या भावाची ही बायको शाळेतून निवृत्त झाली, पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. मी दीर, म्हणजे हक्काचा ड्रायव्हर. "भाऊजी, गाडी काढा" म्हटलं की निघायचं. एका हंगामात सणसरच्या पुढे ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या आणि तिथल्या पोरांत गोवर शिरला. वहिनी दूध, खिचडी घेऊन सरकारी नर्सबाईंबरोबर कोपी-कोपी फिरायच्या, मागून मी कुरकुरत पातेलं उचलायचो. ऊन असं की जीव नकोसा व्हायचा.

आया पोरांना कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून दार अडवायच्या. "घरात देवी आलीय, बाई. औषध न्हाय द्यायचं. कोपती ती." नर्सबाईंनी जीवनसत्त्वाचं औषध आणलं होतं, डोळे आणि जीव वाचवणारं. वहिनी समजावून समजावून थकल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अगं, देवीचंच तीर्थ समज आणि पाज." त्या बाईनं हात जोडले. मग सगळी वस्तीच पोरं घेऊन पुढे आली. परतताना वहिनी खुशीत होत्या. मी म्हटलं, "आता एक सत्यनारायणही घालून टाका!" आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई लस घेऊन आल्या. राणी नावाच्या एका चिमुरडीला अजून गोवर झाला नव्हता, म्हणजे लस खरी तिच्यासारख्यांसाठीच होती. तिच्या आईनं तिला पदराखाली घेतलं. "तीर्थ घेतलंय न्हवं? मग सुई कशाला?" आणखी चार घरांतून तेच ऐकू आलं.  वहिनी दारोदार सांगत सुटल्या, "ते तीर्थ नव्हतं गं, औषध होतं. मी खोटं बोलले." काहींनी ऐकलं. राणीच्या आईनं मात्र पाठ फिरवली.

राणीला गोवर झाला आणि तो छातीत उतरला. बारामतीच्या दवाखान्यात वहिनी तिच्या उशाशी बसून राहिल्या. पोर वाचली, पण कान वाहू लागले आणि एक कान कायमचा गेला. "तुमच्यामुळंच वाचली, बाई," असं तिची आई पाया पडून म्हणाली, तेव्हा वहिनींना रडू आवरेना. त्यानंतर कुठल्याही वस्तीवर त्या चमचा पुढे करण्याआधी बजावायच्या, "हे औषध आहे. तीर्थ नाही." लोक दार लावून घेत. त्या बाहेर दगडावर बसून राहत, कुणीतरी उघडेपर्यंत. मी कंटाळायचो, त्याही कंटाळायच्या. पण उठायच्या नाहीत.

तो फोन येण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनींच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. घरातल्यांनी गंगाजळाची वाटी माझ्या हातात दिली. चमचा ओठांशी नेला तशी वहिनींनी डोळे उघडले. आवाज जेमतेम होता.

"औषध का, भाऊजी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं... जीभच वळेना.

"नाही, वहिनी. तीर्थ आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं, सांगितलंत," म्हणाल्या आणि तोंड उघडलं.