तीन नाही काकू, चार

मला लोक हुशार समजतात आणि मीही इतकी वर्षं तसंच समजत आले. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, त्यातली अठरा इथे अमेरिकेत, हर्नडनला. ऑफिसात मीटिंगच्या वेळांचा घोळ झाला की सगळे माझ्याकडे येतात, कारण पुण्यात किती वाजले, लंडनमध्ये किती वाजले, हे मला बोटं न मोजता सांगता येतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी काय करून बसले ते वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

आमच्या टाउनहाउसची आणि काकूंच्या टाउनहाउसची भिंत एकच. काकू आयर्लंडच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या. तिशीत अमेरिकेत आल्या, आता सत्तरी ओलांडलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सुरुवातीला मी त्यांना मिसेस अमुक म्हणायचे, पण एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या आडनावाने हाक मारायला जीभ रेटेना. एक दिवस तोंडातून 'काकू' निघून गेलं.

"तो कुक्कू ओरडणारा पक्षी का गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, काकू म्हणजे काकाची बायको.

"माझा नवरा कुणाचाच काका नव्हता," त्या म्हणाल्या. "पण असू दे. मेल्यावर तरी झाला."

अशी बाई. चहा माझ्यासारखाच, दुधाचा आणि उकळून काळपट केलेला. बाकीच्या अमेरिकेत मला असा चहा कुणी दिलेला नाही. एकदा मी म्हटलं, "काकू, तुमची आयरिश मला आता छान समजायला लागली." मला वाटायचं, आयरिश म्हणजे त्यांच्या हेलातली इंग्रजी. इतक्या चिडल्या! "ही इंग्रजी आहे, बाई. आयरिश वेगळी. ती बोलायला मला आता जगात एकच माणूस उरलाय, आणि तो माझ्याशी बोलत नाही."

तो माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. लग्न न केलेला, गावातच राहिलेला. काकू अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांच्याकडे धड कागद नव्हते. हॉटेलात कामं करायच्या, पोलिसाची गाडी दिसली की रस्ता बदलायच्या. चार वर्षांनी तिकडे आई गेली. गेल्या असत्या तर परत येता आलं नसतं, आणि नवरा इथे. नाही गेल्या. भावाचं एका ओळीचं पत्र आलं, 'तुझी खुर्ची रिकामी होती, सगळ्यांनी पाहिली.' पुढे कागद झाले तेव्हा काकू एकदा जाऊन आल्या. भावाने दार उघडलं, चहा केला, समोर ठेवला आणि चार दिवसांत एक शब्द बोलला नाही. नंतर त्याचे कान गेले, फोनचा प्रश्नच मिटला. काकूंची फुफ्फुसं बिघडली आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं.

हे त्यांनी मला सांगितलं ते माझे बाबा गेले त्या आठवड्यात. माझा व्हिसा तेव्हा अधांतरी होता. वकील म्हणाला, देश सोडलास तर परत यायची खात्री नाही. मुलगी पाचवीत, घराचं नुकतंच घेतलेलं कर्ज. मी नागपूरला गेले नाही. चुलतभावाने फोन धरला आणि मी हर्नडनमध्ये सोफ्यावर बसून बाबांना नेताना पाहिलं. नागपूरला कुणी मला बोल लावला नाही, पण न बोलण्यातही बोलणं असतंच. काकू आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि स्वतःची गोष्ट सांगून म्हणाल्या, "हे जात नाही हं. तुला कुणी सांगेल जाईल म्हणून. नाही जात." बाकी सगळे 'टेक केअर' म्हणत होते. मला त्यांचं ते नागडं बोलणं बरं वाटलं. तेव्हापासून ही बाई माझ्या रक्ताची.

तर गेल्या वर्षी बातमी आली की अमेरिकेतल्या आयरिश लोकांसाठी नवीन चॅनल सुरू होतंय. टीव्हीवर ॲप टाकायचं की झालं. मार्चमध्ये हिरवे कपडे घालायचा त्यांचा सण असतो ना, त्याच दिवशी उद्घाटन. दिवसभर कॅमेरा आयर्लंडमध्ये गावोगाव फिरणार आणि प्रत्येक गावातली माणसं अमेरिकेतल्या आपल्या माणसांना दोन शब्द सांगणार. मला हसू आलं. आमच्याकडे असं काढलं तर माइक सोडायला कुणी तयार होणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काकूंनी दार वाजवलं. हातात पत्र, श्वास लागलेला. त्यांच्या गावच्या पोस्टातल्या बाईने लिहिलं होतं. कॅमेरा त्यांच्या गावात येणार आहे. भाऊ म्हणालाय, मी बोलणार. म्हणालाय, तिला टीव्हीसमोर बसायला सांगा. तुमच्या घड्याळाने तीन वाजता.

"बोलणार म्हणालाय," काकू म्हणाल्या. "छत्तीस वर्षांनी." आणि माझ्या दारात उभ्या राहून रडायला लागल्या. नुसतं तोंड बघायला मिळालं तरी त्यांना पुरे होतं, पण खरं काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. त्याने माफ केलं का, एवढंच.

मी पत्र वाचलं आणि माझ्यातली दीडशहाणी जागी झाली.

"तीन नाही काकू, चार."

"पण तिने तुमच्या घड्याळाने असं लिहिलंय की."

"लिहिलंय हो. पण आपण मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करतो ना, ते तिकडे कुणाच्या लक्षात राहतं?"

आणि मी त्यांना माझ्या आईचं उदाहरण दिलं. आई नागपूरहून दर रविवारी रात्री नऊला फोन करते. आमचे सकाळचे साडेदहा. मार्च आला की तोच फोन साडेअकराला येतो, आणि आई म्हणते, "अगं, झोपून उठलीस का?" भारतात घड्याळाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे हे तिच्या डोक्यात शिरतच नाही. दर वर्षी सांगते, दर वर्षी विसरते. त्यामुळे इथल्या आपल्या लोकांच्या सगळ्या घरांत एक नियमच झालाय, मार्चमध्ये गावाकडून वेळ आली की त्यात एक तास मिळवायचा. लग्नाचे मुहूर्त, पूजेचं ऑनलाइन दर्शन, सगळ्याला आम्ही तेच करतो आणि ते बरोबर निघतं.

काकू जरा घुटमळल्या. "ती पोस्टातली हुशार आहे गं."

"माझी आई पण हुशार आहे," मी म्हटलं. "शाळेत गणित शिकवायची."

आयर्लंडमध्येसुद्धा घड्याळं बदलतात, फक्त आपल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, हे मला माहीत नव्हतं का? होतं! ऑफिसात त्यावरच्या चुका मी स्वतः दुरुस्त केल्यात. पण त्या क्षणी मला आयर्लंड दिसलंच नाही. गावाकडून आलेलं पत्र दिसलं आणि नागपूर दिसलं. अर्धं गाव अमेरिकेत गेलेल्या त्या पोस्टातल्या बाईने सगळा हिशोब करून नीट तीन लिहिलं होतं, आणि मी त्यात आणखी एक मिळवला. चॅनलच्या वेळापत्रकात नुसतं 'दिवसभर थेट' एवढंच होतं. एक ईमेल केली असती तरी भागलं असतं. पण मला विचारायची काय गरज!

ॲप मी टाकून दिलं. काकू रिमोटवर भलतीच बटणं दाबून भलतीकडे जायच्या, म्हणून बजावलं, मी येईपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी अर्धी सुट्टी काढून दुपारी दोनलाच गेले. काकूंनी हिरवा स्वेटर घातला होता, केस सेट करून आणले होते. त्याला आपण दिसणार नाही हे त्यांना कळत होतं. तरी.

पावणेचारला टीव्ही लावला. कुठल्याशा गावात पोरी नाचत होत्या. काकू चहा आणायला आत गेल्या, आणि तेवढ्यात तो निवेदक म्हणाला, मघाशी पाऊण तासापूर्वी आपण अमुक गावात होतो, काय माणसं होती! ते अमुक गाव काकूंचं.

म्हणजे पत्रातले तीनच बरोबर होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. काकू, माझी चूक झाली, मी माती खाल्ली. किती सोपी वाक्यं. त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या, खुर्ची पुढे ओढली, माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी कपात चहा ओतायला लागले. सव्वाचार झाले, साडेचार झाले. पाच वाजता मी फोनमध्ये काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "तुमच्या गावाचं कॅन्सल केलं म्हणे. हवा खराब आहे तिकडे."

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हवा नाही गं. तो आलाच नसेल. आयत्या वेळी नाही म्हणाला असेल."

"असं कसं, काकू..."

"मी ओळखते ना त्याला." त्यांनीच रिमोट घेतला आणि पहिल्या झटक्यात बरोबर बटण दाबून टीव्ही बंद केला.

मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता जा आणि खरं सांग." मी म्हटलं, चॅनलवर रेकॉर्डिंग येणार आहे, ते आलं की घेऊनच जाते, दाखवते आणि पाया पडते. नुसतं सांगून त्यांना अजूनच लागेल, असं मी त्याला पटवलं. खरं म्हणजे मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ॲपवर 'लवकरच' असं येत होतं, आणि मी त्या 'लवकरच'च्या आड लपून बसले. पोस्टातल्या बाईला फोन करा ना, असं काकूंना एकदा सुचवलं. "कशाला?" त्या म्हणाल्या. "नाही आला हेच ऐकायला?"

आठव्या दिवशी काकूंना न्युमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये मी रोज जात होते आणि रोज फोनवर आधी ते ॲप बघत होते. नर्स आत-बाहेर करत होत्या, ऑक्सिजनच्या मास्कमुळे काकूंना बोलता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी त्यांना पाणी हवं का, उशी नीट करू का, एवढंच विचारत राहिले. बाराव्या दिवशी काकू गेल्या.

रेकॉर्डिंग त्यानंतर चार दिवसांनी आलं.

त्यात तो होता. उंच, वाकलेला, कोट-टायमध्ये, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलेलं. निवेदकाने इंग्रजीत विचारलं, अमेरिकेत कोण आहे तुमचं? त्याला ऐकू आलं नाही. त्याने सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि बोलायला लागला. खाली अक्षरं आली, 'आयरिशमध्ये बोलत आहेत.' बस, एवढंच. त्याचं बोलणं संपेपर्यंत तेच तीन शब्द तिथे ठाण मांडून. मग तो थांबला. निवेदकाने माइक बाजूला घ्यायला हात पुढे केला, तर त्याने तो हात अडवला आणि तसाच कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, म्हातारा पुढचं विसरला.

काकूंच्या प्रार्थनेला चर्चमध्ये आयर्लंडमधल्या त्यांच्याच भागातले, आयरिश येणारे एक वयस्कर गृहस्थ आले होते. सगळे पांगल्यावर मी त्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता इंग्रजीत हळूहळू सांगितलं.

"तो म्हणतोय, आई गेली तेव्हा तुला का येता आलं नाही, ते मला फार उशिरा कळलं. कळल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि त्या लाजेपायी लिहिलं नाही. मग म्हणतोय, मला आता ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तू बोल. मी इथे थांबतो."

विसरला नव्हता. बहीण बोलत असेल म्हणून थांबला होता.

काकू गेल्याचं चर्चच्या लोकांनी तिकडे कळवलं तेव्हा पोस्टातल्या बाईचं उत्तर आलं. भाऊ म्हणतो, तिने मला ऐकलं, आता मला काही नको. ते मी तसंच राहू दिलंय. माझ्या सगळ्या लपवालपवीतली तेवढी एक कुणाच्या तरी कामाला आली.

रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन घड्याळं आहेत. तो गप्प उभा आहे तेव्हा त्यांच्याकडे सात वाजून बारा मिनिटं झालीत आणि आपल्याकडे तीन वाजून बारा. त्या वेळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते आणि बंद टीव्हीपासून दहा पावलांवर त्या उभ्या होत्या. "लावून तर बघू का गं?" त्या म्हणाल्या होत्या. आणि मी म्हटलं होतं, "अजून तास आहे, काकू. बसा निवांत."