दादाची मंदावलेली चाल

मी भोपाळच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. शिकले ती दादामुळे. आईवडील लवकर गेले तेव्हा हा मोठा भाऊ शहराजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. त्याने लग्न केलं नाही. अशोका गार्डन वस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहिलो.

पन्नाशी उलटल्यावर त्याचा कारखाना बंद पडला. दुसरं काम मिळेना. "चलो, आता आराम," तो म्हणाला, आणि मी ते खरं मानलं.

त्याच वर्षी आर्थिक जीवनाच्या समाजशास्त्राचा पेपर माझ्याकडे शिकवायला आला. मी मुलांना सांगायचे, की अर्थशास्त्र किमती आणि मजुरीत गुंतलेलं असताना सुरुवातीच्या समाजशास्त्रज्ञांनी वेगळंच विचारलं: पगाराखेरीज काम माणसाला काय देतं? पुढे हाच प्रश्न घेऊन काही संशोधक गिरणी बंद पडलेल्या एका गावात गेले. खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजली. बेकार पुरुष हळू चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. दिवसभर काय केलं, हे त्यांना सांगता येत नसे.

हे शिकवून मी घरी यायचे आणि दादावर चिडायचे.

"कोथिंबीर आणायला दीड तास? होतास कुठे?"

"कुठे नाही गं. इथेच."

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपने ऐसा कोई आदमी देखा है?" मी "नहीं" म्हणाले आणि पान उलटलं.

त्याच दुपारी रिक्षातून येताना दादा दिसला. चार पावलं चालला, एका बंद दुकानाची पाटी वाचत उभा राहिला. पुन्हा थोडा चालला, खांबाला टेकला. कंपनीची बस गाठायला हाच माणूस दोन-दोन पायऱ्या उतरायचा. रिक्षा थांबवून त्याला आत घ्यायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी रिक्षा तशीच जाऊ दिली.

तो पाऊण तासाने आला. मी चहा दिला, काही विचारलं नाही. त्यानंतर चिडले नाही, पण त्याविषयी बोललेही नाही. काय बोलावं याचा विचार करत राहिले. जानेवारीत एका सकाळी अंघोळीचं पाणी तापत असताना दादा खुर्चीतच गेला.

यंदा तो पेपर मी सोडला. विभागप्रमुख म्हणाले, कारण लिहून द्या. मी अर्जात 'प्रकृती' एवढंच लिहिलं.