सहा किलो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरी कधी जेवायला येणार नाही. कीव करणार असाल तर इथेच थांबा — मला किवेचा तिटकारा आहे.

लालबागच्या आमच्या इमारतीत मी हिशोबाचा पक्का माणूस. मी आकडा सांगितला की उलटा प्रश्न कुणी विचारत नाही. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा पंधराची होती. खाणारी पोर. बांगड्याचं कालवण असलं की भात, आणि वर पुन्हा भात. परळला एका साखरपुड्यात तिच्या पानाकडे बघून माझा मेहुणा ओरडला, "काय भावोजी, पोरीला डबल रेशन लावलंय काय?" पंगत हसली. मीही हसलो. आणि मला राग आला — त्याचा? छे. तिचा. तिच्या दंडांचा, तिच्या भुकेचा. बापाला असा राग येतो का? मला आला.

तिला डॉक्टरांकडे नेलं. वजन-उंची झाली, रक्त तपासलं. रिपोर्ट दाखवायला मात्र मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. वजन उंचीला अगदी साजेसं होतं. म्हणाले, "वाढीचं वय आहे. भाकरी, डाळ, भाज्या, मासे, दूध, सगळं पोटभर खाऊ द्या. वेफर्स, कोल्ड्रिंक तेवढं कमी. आणि ताटावर बसली की टोकू नका."

घरी येऊन मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, सहा किलो उतरवायचंय."

सहाच का? पाच अंदाजाने सांगितल्यासारखं वाटलं असतं. दवाखान्याचा जिना उतरताना मी एवढा विचार केला होता.

मग ओट्यावर काटा आला. शिजलेला भात ऐंशी ग्रॅम. चपाती एक. वासंती, माझी बायको, एकदा म्हणाली, "अहो, वाढत्या अंगाची आहे ती." मी म्हणालो, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?" गणपतीत शेजारच्या काकूंनी मुक्ताच्या पानात दुसरा मोदक ठेवला. मी तो सगळ्यांसमोर उचलला, माझ्या पानात घेतला — आणि खाल्ला. वर तूप मागून घेतलं. मुक्ता खाली बघत बसली. काकू म्हणाल्या, "बाप असावा तर असा, किती लक्ष!"

इथवर तुम्ही मला कडक बाप म्हणाल. थांबा. खरं अजून सांगितलेलं नाही.

सहा किलो उतरलं. मुक्ता थांबली नाही. केस गळायला लागले, जिन्यात धाप लागायची. एके दिवशी वासंती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तिची पाळी आलेली नाही, दोन महिने झाले. मी उद्या तिला घेऊन त्यांच्याकडे जाते."

त्यांच्याकडे — म्हणजे त्याच डॉक्टरांकडे. पहिल्याच वाक्याला माझं पितळ उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, "तू कशाला? मीच विचारून येतो." पायात चपला घातल्या. चिंचपोकळीपर्यंत चालत गेलो, एक वडापाव खाल्ला आणि परत आलो. म्हणालो, "विचारलं. वजन उतरताना असं होतं म्हणाले. घाबरू नका."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी कधी चुकीचा आकडा सांगतो का?

वजनाचं मी पोरीच्या भल्यासाठी केलं असेल, असं कुणी म्हणेलही. ही दुसरी फेरी कुणाच्या भल्यासाठी होती? माझी पोर आतून वाळत होती आणि मला माझं नाव सांभाळायचं होतं. दुसरं काही नव्हतं.

मुक्ता आता एकोणीसची आहे. पाळी अजून कधी येते, कधी नाही. चारचौघांत ती जेवत नाही. ते डॉक्टर दवाखाना बंद करून गावी गेले. ते ऐकलं त्या दिवशी मला हायसं वाटलं — हेही लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी वासंतीने बांगड्याचं कालवण केलं होतं. मुक्ताने वाटी काट्यावर ठेवली, आकडा बघितला, चमचाभर भात परत पातेल्यात टाकला. मग माझ्याकडे वळली.

"ऐंशीच आहे, बाबा."

मी विचारलं नव्हतं.

मी "बरं" म्हणालो, आणि जेवायला लागलो.